लेव्ही पाच टक्के वाढली, मग आमचा कर बारा टक्के का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, एका उपनगरात राहतो. २०२३ मध्ये घर घेतलं. परवा काउंटीकडून पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २०२६ च्या, प्रस्तावित प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस आली. घराची किंमत ४,००,००० डॉलरवरून ४,४०,००० झाली आहे. त्यात शहराचा कर १,५५८ डॉलर होता, तो १,७४९ दाखवलाय. काउंटी, शाळा सगळं धरून एकूण कर ४,८७० वरून ५,३९० वर गेलाय. शहराच्या बजेटच्या सादरीकरणात मात्र ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘लेव्हीत ५ टक्के वाढ’. मी चार वेळा हिशोब केला. शहराच्या ओळीतली आमची वाढ सव्वाबारा टक्के निघते. कोणीतरी खोटं बोलतंय का?

नोटिशीत डिसेंबरच्या सभेची तारीख आहे आणि तिथे लोकांना बोलता येईल असं म्हटलंय. मिस्टर म्हणतात, आपण ग्रीन कार्डवर, आपल्याला मत नाही, आपलं कोण ऐकणार? कॅलिफोर्नियातल्या नणंदबाई म्हणतात, आमच्याकडे वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढतच नाही, तुमचं शहर तुम्हाला लुबाडतंय. मी सभेला जाऊ का? गेले तर काय बोलू? किंमतच जास्त लावलीय, हे सांगितलं तर चालेल का? सोबत सादरीकरणाची पानं जोडते आहे.

उत्तर

पानं जोडलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘कर खूप वाढलाय’ एवढंच असतं, आणि मग मला अंदाजानं उत्तर द्यावं लागतं. तुमच्या पानांवर शहराची एकूण लेव्हीही आहे आणि एकूण टॅक्स कपॅसिटीही (म्हणजे कर ज्या आकड्यावर वाटला जातो तो, पुढे सांगते), त्यामुळे तुमच्या १९१ डॉलरच्या वाढीचा नीट हिशोब लावता आला.

कोणी खोटं बोललेलं नाही. तुमचा भागाकारही बरोबर आहे आणि शहराचे पाच टक्केही. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. १९१ डॉलरपैकी ७८ डॉलर, म्हणजे १,५५८ चे पाच टक्के, शहराच्या कौन्सिलनं लेव्ही (मिळकतदारांकडून घ्यायची एकूण रक्कम) वाढवल्यामुळे आले. उरलेले ११३ डॉलर शहरातल्या इतर मिळकतींकडून तुमच्या घराकडे सरकून आले. कौन्सिलच्या सभेत पहिल्या ७८ बद्दल बोलता येतं. दुसऱ्या ११३ चा निर्णय त्या खोलीत झालेलाच नाही. सभेला जाण्याआधी हा फरक पक्का करून ठेवा, म्हणजे बोलायला मिळतील ती तीन मिनिटं वाया जाणार नाहीत.

आधी लेव्ही म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. आपल्याला वाटतं, कौन्सिल कराचा दर ठरवते आणि मग त्या दरानं पैसे गोळा होतात. सेल्स टॅक्स तसा चालतो. प्रॉपर्टी टॅक्सचं उलट आहे. कौन्सिल ठरवते ती रक्कम: पुढच्या वर्षी मिळकतदारांकडून एकूण इतके डॉलर पाहिजेत. ती रक्कम म्हणजे लेव्ही. तुमच्या शहराची या वर्षीची लेव्ही १ कोटी डॉलर आहे, तिकडच्या भाषेत दहा मिलियन. पुढच्या वर्षी १ कोटी ५ लाख मागितलेत. दर नंतर निघतो, तोही काउंटीच्या ऑडिटरच्या कार्यालयात, साध्या भागाकारानं. त्यामुळे ‘घरांच्या किमती वाढल्या, शहराला आपोआप घबाड मिळालं’ ही समजूत चुकीची आहे. उद्या शहरातल्या प्रत्येक मिळकतीची करपात्र किंमत दुप्पट झाली आणि लेव्ही तेवढीच राहिली, तर दर साधारण निम्मा होईल आणि तुमचं बिल साधारण तेवढंच राहील.

मग ती १ कोटी ५ लाखांची रक्कम आली कुठून? मी एका उपनगराच्या बजेट सल्लागार समितीवर सहा वर्षं होते, तेव्हा हे जवळून पाहिलंय. कामाला सुरुवात मे-जूनमध्येच होते. पोलीस, अग्निशमन, रस्ते, पार्क, प्रत्येक खात्याचा प्रमुख आपली मागणी लिहून देतो. शहराच्या खर्चातला मोठा हिस्सा माणसांचा असतो: पगार, आरोग्य विमा, पेन्शन. युनियनशी करार झालेला असेल तर पुढच्या वर्षीची पगारवाढ आधीच ठरलेली असते, कौन्सिलला त्यात हात घालता येत नाही. ऑगस्टच्या सुमारास सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा मुख्य अधिकारी, सगळ्या मागण्या छाटून एक मसुदा कौन्सिलसमोर ठेवतो. एकूण खर्चातून इतर उत्पन्न वजा करायचं, म्हणजे बांधकाम परवान्यांची फी, दंड, ठेवींवरचं व्याज, राज्याकडून येणारी मदत. जे उरेल ते लेव्हीनं भरायचं. पाणी आणि सांडपाणी यात नसतं. त्यांचे फंड वेगळे, बिलं वेगळी.

राज्याच्या मदतीला एलजीए म्हणतात, लोकल गव्हर्नमेंट एड. १९७१ च्या मोठ्या करसुधारणेपासून ती चालत आलीय आणि एका सूत्रावरून वाटली जाते. ज्या शहरांकडे महागड्या मिळकती भरपूर आहेत त्यांना ती कमी मिळते, कित्येक उपनगरांना तर शून्य. तुमच्या शहराला थोडी मिळते, आणि पुढच्या वर्षी ती थोडी कमी होणार असं सादरीकरणाच्या सहाव्या पानावर तळाला बारीक अक्षरात लिहिलंय. एलजीए घटली आणि खर्च तेवढाच राहिला, तरी लेव्ही वाढते. एक जास्तीचा माणूस न नेमताही वाढते.

कर्जाचा भाग वेगळा बघा. तुमच्या लेव्हीच्या तक्त्यात ‘डेट सर्व्हिस’ अशी स्वतंत्र ओळ आहे. रस्ते नव्यानं बांधायला शहरानं रोखे काढले असतील, तर त्यांच्या हप्त्यांसाठी वेगळी लेव्ही लावावी लागते, आणि मिनेसोटाचा कायदा सांगतो की ती मुद्दल-व्याजाच्या रकमेपेक्षा पाच टक्के जास्तच लावायची. सगळे कर वेळेवर भरले जात नाहीत, म्हणून ही तरतूद आहे. यंदाच्या ५ लाखांच्या वाढीतले १ लाख ८० हजार या ओळीत आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या कौन्सिलनं रोख्यांच्या बाजूनं मत दिलं, त्याचा हप्ता आज आलाय. आताच्या कौन्सिलपुढे त्यावर तक्रार करून काही हाती लागायचं नाही. पुढचे रोखे निघतील तेव्हा मात्र जरूर जा, कारण पुढच्या कित्येक वर्षांच्या लेव्हीचा पाया त्या एका रात्री घातला जातो आणि त्या सभेला बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्या असतात.

तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण सभेत कोणीतरी हमखास विचारेल: शहराच्या खात्यात लाखो डॉलर शिल्लक दिसतात, मग कर कशाला वाढवता? प्रश्न रास्त वाटतो. मीही पहिल्या वर्षी तावातावानं तोच विचारला होता. त्याचं उत्तर तारखांमध्ये आहे. लोक कर भरतात १५ मे आणि १५ ऑक्टोबरला. काउंटीकडून शहराच्या हातात त्यातला मोठा पैसा येतो तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि वर्षाच्या शेवटी, दोनदाच. पोलिसांचा पगार मात्र जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी द्यायचा असतो. म्हणून राज्याच्या ऑडिटरचा सल्ला असा आहे की शहरानं जनरल फंडात, म्हणजे रोजच्या कारभाराच्या खात्यात, वर्षाच्या उत्पन्नाच्या ३५ ते ५० टक्के, किंवा निदान पाच महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक ठेवावी. शिल्लक मोडून लेव्ही कमी दाखवली, की एक वर्ष बरं वाटतं. समजा २ लाख असे वापरले. पुढच्या वर्षी ते २ लाख परत लेव्हीतच घालावे लागतात, वर त्या वर्षीची नेहमीची वाढ असतेच. निवडणुकीच्या वर्षात हा मोह फार होतो. म्हणून शिल्लक वापरा अशी मागणी करू नका. पाच महिन्यांच्या खर्चापेक्षा ती खूपच जास्त दिसत असेल, तर जास्तीचा पैसा कशासाठी राखून ठेवलाय, एवढं विचारा.

आता तारखांचं. मला या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक शहरानं आपली प्राथमिक लेव्ही काउंटीला कळवायची असते. एकदा ती कळवली, की डिसेंबरमध्ये कौन्सिलला ती कमी करता येते, वाढवता येत नाही. मोजके कायदेशीर अपवाद सोडले तर. त्यामुळे सप्टेंबरमध्ये कौन्सिल थोडं सैल धोरण ठेवते. एलजीए किती मिळेल, विम्याचा हप्ता किती वाढेल, हे पुरतं कळलेलं नसतं, तेव्हा जागा ठेवून आकडा लावलेला बरा, असा विचार असतो. त्यात गैर काही नाही. पण सप्टेंबरच्या सभेत कोणी आलं नाही, तर ती ठेवलेली जागा डिसेंबरपर्यंत भरूनही जाते. काउंटी १० ते २४ नोव्हेंबरच्या दरम्यान तुम्हाला नोटीस पाठवते ती याच प्राथमिक आकड्यावरून. ती बिल नाही, असं तिच्यावरच छापलेलं असतं. म्हणजे आज तुमच्या हातात जे १,७४९ आहेत, तो शहराच्या ओळीचा बहुधा वरच्या टोकाचा आकडा आहे.

आता सरकून आलेल्या ११३ डॉलरकडे वळू. इथे थोडा धीर धरून वाचा.

घराची बाजारभावाची किंमत थेट कराला लावत नाहीत. तुम्ही स्वतः त्या घरात राहता म्हणून ‘होमस्टेड’ची वजावट मिळते. पहिल्या ९५,००० डॉलरवर ४० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३८,००० डॉलर. पण किंमत ९५,००० च्या वर जितकी जाईल, तिच्या ९ टक्के ही वजावट घटत जाते आणि ५,१७,२०० डॉलरला शून्य होते. तुमचं घर ४ लाखांचं होतं तेव्हा वजावट होती १०,५५० डॉलर. ४ लाख ४० हजारांवर ती उरली ६,९५० डॉलर. करपात्र किंमत ३,८९,४५० वरून ४,३३,०५० झाली. किंमत वाढली दहा टक्के, करपात्र किंमत वाढली सव्वाअकरा टक्क्यांच्या जवळ. यातला हा पहिला धक्का, आणि नोटिशीतल्या त्या ओळीकडे कोणी बघतसुद्धा नाही.

पुढे करपात्र किंमतीचा एक ठरावीक टक्का घेऊन टॅक्स कपॅसिटी काढतात. राहत्या घराला पहिल्या ५ लाखांवर एक टक्का. दुकानं-कार्यालयांना पहिल्या दीड लाखावर दीड टक्का आणि त्यापुढे दोन टक्के. हे टक्के विधिमंडळानं ठरवलेत, कौन्सिलला बदलता येत नाहीत. त्यामुळे चाळीस लाखांची एक ऑफिस बिल्डिंग मिळून तेवढ्याच किमतीच्या दहा घरांपेक्षा जवळजवळ दुप्पट भार उचलते. त्या बिल्डिंगची किंमत घसरली, की तो भार घरांवर येतो.

तुमच्या शहराची एकूण टॅक्स कपॅसिटी या वर्षी २ कोटी ५० लाख होती. १ कोटीला तिनं भागलं की दर येतो ४० टक्के. तुमच्या घराची कपॅसिटी ३,८९४.५०, तिचे ४० टक्के, म्हणजे १,५५८ डॉलर. पुढच्या वर्षी शहराची कपॅसिटी होणार २ कोटी ६० लाख. फक्त चार टक्के वाढ. तुमची स्वतःची मात्र सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास वाढली. सगळ्यांची तुमच्याइतकी वाढली असती तर बेरीज २ कोटी ७८ लाख झाली असती. तसं झालं नाही, कारण तुमच्याच पानांवर दिसतंय की कार्यालयांच्या किमती उतरल्या आणि अपार्टमेंट्सच्या होत्या तिथेच राहिल्या. १ कोटी ५ लाख भागिले २ कोटी ६० लाख, दर ४०.३८ टक्के. तो तुमच्या ४,३३०.५० ला लावला की १,७४९.

मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या मध्यवर्ती भागातली कार्यालयं महामारीनंतर रिकामी पडू लागली, त्यांच्या किमती उतरल्या, आणि त्याचा परिणाम आसपासच्या उपनगरांपर्यंतही पोचतो. १९७१ च्या फिस्कल डिस्पॅरिटीज कायद्यानं महानगराच्या सात काउंट्यांतल्या शहरांना व्यापारी मिळकतींच्या वाढीतला ४० टक्के हिस्सा एका सामाईक पेढीत टाकावा लागतो आणि तो तिथून सगळ्यांत वाटला जातो. श्रीमंत मॉल एका गावात आणि मुलांच्या शाळा दुसऱ्या गावात, अशी विषमता कमी करायला तो केला, आणि मला तो कायदा मनापासून आवडतो. पण पेढीत भर कमी पडली की वाटाही कमी येतो, हे ओघानं आलंच.

नणंदबाईंना काय सांगाल? त्यांचं त्यांच्या राज्यापुरतं खरं आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ नं मूळ दर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायला बंदी घातली. त्याची दुसरी बाजू अशी की एकसारखी दोन घरं शेजारी-शेजारी असतात, एक १९८५ ला घेतलेलं आणि एक गेल्या वर्षी, आणि नव्या घरमालकाला जुन्याच्या कितीतरी पट कर बसतो. मिनेसोटात दर वर्षी प्रत्येक मिळकतीची बाजारभावानं किंमत लावतात. दोन्ही पद्धतींची तुलना सभेत करू नका. ते बदलणं तुमच्या कौन्सिलच्या हातात नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. मत नसलं तरी बोलता येतं. कायद्यानं ही सभा संध्याकाळी सहा वाजता किंवा त्यानंतर ठेवावी लागते, म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसाला येता यावं, आणि तिथे लोकांना बोलू द्यावंच लागतं. नागरिकत्वाची अट नाही. माइकपाशी गेल्यावर नाव आणि पत्ता विचारतील, एवढंच. मिस्टरांना सांगा की लहान शहरांत महापौर धरून बहुधा पाच जण मत देतात. तिघांचे हात वर गेले की निर्णय होतो. ते पाचही जण तुमच्याच गावात राहतात, तुमच्यासारखीच नोटीस त्यांच्याही घरी आलेली असते. इतक्या जवळचं सरकार तुम्हाला दुसरं मिळणार नाही, आणि तुमचे १,७४९ डॉलर नागरिकाच्या १,७४९ डॉलरांइतकेच असतात. इंग्रजी उच्चारांची काळजी वाटत असेल तर लिहून न्या आणि वाचा. वाचून बोलणाऱ्यांचं मी नेहमी जास्त लक्षपूर्वक ऐकलेलं पाहिलंय, कारण ते मुद्द्यावर असतं.

काय वाचायचं? ‘कर परवडत नाही’ हे सांगा, ते खरं आहे आणि सांगायला लाज नाही. पण तिथे थांबू नका. तुमच्या पानांवरून एक आकडा मी काढून ठेवलाय. लेव्हीतला प्रत्येक १ लाख डॉलर तुमच्या घराला साधारण साडेसोळा डॉलरला पडतो. हा आकडा हातात असला की बजेटची पानं वेगळीच दिसू लागतात. पार्कचं एक नवं पद सव्वा लाखाचं असेल, तर ते तुम्हाला वर्षाला एकवीस डॉलरांना पडतं. ते तुम्हाला हवं असेल तर तसं सांगा. नको असेल तर नको म्हणा. कौन्सिलनं वाढ पाच टक्क्यांवरून तीनवर आणली, तर २ लाख कमी होतील आणि तुमचे साधारण तेहेतीस डॉलर वाचतील. त्या तेहेतीस डॉलरांत शहर काय सोडून देणार आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते सांगणं त्यांचं काम आहे.

माझ्या समितीच्या चौथ्या वर्षी एक बाई आल्या होत्या. निवृत्त शाळाशिक्षिका असाव्यात, हातात बजेटची दोन पानं, पेन्सिलच्या खुणा केलेली. त्यांनी कर जास्त आहे असं म्हटलंच नाही. त्यांनी विचारलं की रस्ते खात्यात एक रिकामी जागा जुलैपासून भरणार असं तुम्हीच लिहिलंय, मग तिच्यासाठी बारा महिन्यांचा पगार का धरलाय? फायनान्स डायरेक्टरनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि म्हणाले, बरोबर आहे, सहा महिन्यांचा धरायला हवा होता. त्याच रात्री तो अर्धा पगार लेव्हीतून निघाला. त्या बाईंआधी अकरा जण बोलले होते, काही तर फार कळकळीनं. त्यांच्या बोलण्यानं एक डॉलरही हलला नव्हता. मला त्या अकरा जणांचं वाईट वाटलं, कारण त्यांचंही दुखणं खरं होतं. त्यांना फक्त कुणी पानं दाखवली नव्हती.

म्हणून तुम्ही तीन प्रश्न न्या. यंदाच्या ५ लाखांपैकी नव्या पदांचे किती आणि ती कोणत्या महिन्यापासून? कोणता खर्च एकदाच होणारा आहे आणि तरी कायमच्या लेव्हीत घातलाय? आणि सप्टेंबरमध्ये लेव्हीच्या आकड्यात जी जास्तीची रक्कम धरून ठेवली होती, तिच्यापैकी आता किती लागत नाही, कारण विम्याचा हप्ता तर एव्हाना कळलेला आहे. शक्य असेल तर हेच प्रश्न सभेच्या तीन-चार दिवस आधी पाचही सदस्यांना ईमेलनं पाठवा. म्हणजे ते फायनान्सच्या माणसांना विचारून तयार होऊन येतील, आणि माइकसमोर ‘बघून सांगतो’ असं उत्तर ऐकावं लागणार नाही. अंतिम लेव्ही २० डिसेंबरनंतर पाच कामकाजाच्या दिवसांत काउंटीला कळवावी लागते, तेव्हा सुधारायला वेळ असतो.

घराची किंमत जास्त लावलीय, हे मात्र या सभेत बोलू नका. तुमच्या नोटिशीतली किंमत २ जानेवारी २०२५ ची आहे, तीही त्याआधीच्या विक्रींवरून काढलेली. तिच्याविरुद्ध बोलायची वेळ मागच्या वसंतात होती. मार्च-एप्रिलमध्ये एक वेगळी, किमतीची नोटीस येते. ती बहुतेक लोक बाजूला ठेवून देतात, कारण तिच्यावर कराचा आकडा नसतो. पुढच्या वर्षी ती आली की लगेच शहराच्या किंवा काउंटीच्या असेसरला, म्हणजे किंमत लावणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. तुमच्या तळघरात खोल्या बांधलेल्या नसताना त्या नोंदवल्यात का, चौरस फूट बरोबर आहेत का, हे पडताळा. अशा चुका फोनवरच दुरुस्त होतात. नाही पटलं तर एप्रिल-मेमध्ये स्थानिक अपील बोर्ड असतं, जूनमध्ये काउंटीचं, पण काउंटीच्या बोर्डापुढे जायचं तर आधी बहुधा स्थानिक पायरी चढलेली असावी लागते. २०२६ च्या करासाठी तुमच्याकडे अजून एक वाट उरलीय: टॅक्स कोर्ट, मुदत ३० एप्रिल २०२६. तिथे जायचं तर आसपासच्या तशाच तीन-चार घरांच्या विक्रीच्या किमती हातात हव्यात. तुमचं घर खरोखर ४ लाख ४० हजारांना विकलं जाईल असं तुम्हाला मनातून वाटत असेल, तर तो खटाटोप करू नका.

परताव्याचंही बघून घ्या. मिनेसोटात घरमालकाचा एकूण कर एका वर्षात १२ टक्क्यांहून जास्त आणि निदान १०० डॉलर वाढला, तर उत्पन्नाची अट न ठेवता एक खास परतावा मिळू शकतो. तुमची शहराची ओळ सव्वाबारा टक्क्यांची असली तरी एकूण कर पावणेअकरा टक्केच वाढलाय, म्हणून तो मिळणार नाही. पण उत्पन्नावर अवलंबून असलेला नेहमीचा परतावा आहे, त्याची मर्यादा दर वर्षी बदलते, आणि पात्र असूनही तो न मागणारी घरं मी पाहिली आहेत. मार्चअखेर कराचं अंतिम पत्रक येईल, त्यावरून एम१पीआर हा फॉर्म भरून १५ ऑगस्ट २०२६ च्या आत पाठवायचा. कर बँकेच्या एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत बँक बाजूला ठेवते त्या पैशांतून, जात असला तरी परतावा तुमच्याच नावानं येतो.

आणि ऑगस्टमध्ये बजेटच्या कार्यशाळा सुरू झाल्या, की एखाद्या संध्याकाळी सहज जाऊन मागच्या रांगेत बसा. तिथे लोकांना बोलायची वेळ बहुधा नसते, पण सभा खुली असते, आणि मॅनेजर कोणत्या ओळी कशासाठी राखतो ते तिथे कळतं. दुसऱ्या दिवशी एखाद्या सदस्याला फोन करा. तेव्हा ३० सप्टेंबरला अजून महिना असतो आणि लेव्हीचा आकडा कुणीच ठरवलेला नसतो.